रेडिओसाठी बाहेर रेकॉर्डिंग करताय? या चुका टाळा

मुक्त पत्रकार म्हणून रेडिओचं काम नव्याने सुरू केलेली मंडळी आपली रेकॉर्डिंग्ज ऐकायला पाठवतात. विषय चांगले असतात, माणसं मोकळेपणाने बोललेली असतात, तरीही अर्ध्या मिनिटात कान थकतो. बहुतेकांची भिस्त ‘एडिटिंगमध्ये बघू’ यावर असते. पंख्याची घरघर थोडी कमी करता येते, हे खरं. पण लेव्हल, म्हणजे रेकॉर्डरची आवाज घेण्याची पातळी, फार वर ठेवल्याने फाटलेला आवाज पुन्हा धड होत नाही, आणि पाच फुटांवरून घेतलेला आवाज कोणत्याही सॉफ्टवेअरने जवळ येत नाही. म्हणून चूक जागेवरच पकडायला हवी.

हेडफोन बॅगेतच राहतो

सगळ्यात महागात पडणारी चूक हीच. एसटी स्टँडवर उभं राहून आपण कुणाशी बोलतो तेव्हा गाड्यांचे हॉर्न, फेरीवाल्यांच्या हाका, लाउडस्पीकरवरची घोषणा हे सगळं आपला मेंदू आपोआप बाजूला सारतो. माइकला ते जमत नाही. त्याच्यापाशी पोचलेलं सगळं तो सारख्याच इमानाने घेतो. माइकला काय ऐकू येतंय हे कळण्याचा एकच मार्ग म्हणजे हेडफोन, तोही कान पूर्ण झाकणारा. समोरच्याला अवघडल्यासारखं होईल म्हणून तो काढून ठेवतात, पण ‘मावशी, तुमचा आवाज नीट येतोय ना ते ऐकतोय’ एवढं सांगितलं की कुणी हरकत घेत नाही.

हेडफोन लावल्यावर घुर्रर्र असा एकसारखा आवाज येत असेल तर रेकॉर्डर चार्जरवर आहे का ते बघा. भारतातली वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे ती घुरघुर ५०, १०० आणि १५० हर्ट्झवर बसते. प्लग काढून बॅटरीवर घेतलं की बहुतेक वेळा ती जाते. मधूनच टिर्रर्र-टिर्रर्र येत असेल तर तो मोबाइल आहे: तुमचा एअरप्लेन मोडवर टाका आणि समोरच्याला त्याचा दुसऱ्या खोलीत ठेवायला सांगा. खोली घुमत असेल तर सजवलेली बैठकीची खोली सोडा आणि जिथे गाद्या-गोधड्या रचलेल्या आहेत तिथे बसा. घरच्यांना त्यांची चांगली खोली दाखवायची असते हे मान्य, पण टाइल्सची जमीन आणि उघड्या भिंती आवाजाला वाईट.

माइक लांब, लेव्हल मशीनच्या भरवशावर

माइक आणि तोंड यांत वीतभर अंतर ठेवा. अंतर दुप्पट झालं की आवाज साधारण ६ डेसिबलने खाली येतो आणि आसपासचा गोंगाट तितकाच राहतो, म्हणजे बोलणारा त्यात बुडत जातो. माइक अगदी तोंडासमोर न धरता थोडा बाजूला धरा, नाहीतर प, फ, ब, भ यांचे फटके बसतात. बोलणाऱ्याच्या हातात माइक कधीही देऊ नका. स्वतःच्या हातातल्या अंगठ्या, बांगड्या, कडं काढून ठेवा आणि माइकच्या केबलचा एक वेढा बोटाभोवती घ्या, म्हणजे हिसका बसत नाही. मोकळ्या माळावर माइकवरचा साधा स्पंज पुरत नाही, वारा अडवणारं केसाळ आवरण (विंडशील्ड) लागतंच.

लेव्हल ‘ऑटो’वर ठेवू नका. माणूस श्वास घ्यायला थांबला की मशीनला वाटतं आवाज कमी झाला, म्हणून ते गोंगाट वर खेचतं. तो बोलू लागला की परत खाली ढकलतं. ऐकणाऱ्याला ही वर-खाली जाणवत राहते. लेव्हल हाताने लावा, रेकॉर्डरच्या मीटरवर आवाजाचे उंच टोक उणे १२ ते उणे ६ डेसिबलच्या दरम्यान राहू द्या (शून्यावर आवाज फाटतो), आणि एमपीथ्री न करता ४८ किलोहर्ट्झ, २४ बिटची वेव्ह (WAV) फाइल करा. रंगात आलं की माणूस हसतो, ओरडतो. त्यासाठी वर जागा हवी.

जागेचा आवाज घ्यायचा राहतो

कोल्हापूरकडच्या एखाद्या गुऱ्हाळघराचं उदाहरण घ्या. नवखा माणूस चरकाशेजारीच उभा राहून गुळव्याची, म्हणजे गूळ करणाऱ्याची, मुलाखत घेतो, कारण तिथे ‘वातावरण’ आहे. हाती लागतं काय, तर चरकाची धडधड आणि तिच्यामागे कुठेतरी माणूस. त्यापेक्षा गुळव्याला पन्नास पावलं दूर, उसाच्या मोळ्यांच्या आडोशाला न्या आणि तिथे बोला. मग परत येऊन आवाज वेगवेगळे घ्या: चरकात शिरणाऱ्या उसाची करकर, चुलवाणात, म्हणजे मोठ्या चुलीत, चिपाडं टाकल्यावर उठणारा भडका, काहिलीत, म्हणजे मोठ्या कढईत, उकळणारा रस. हा रस सुरुवातीला फसफसतो, आटत जातो तसा रटरट करू लागतो. गुळव्या पाकाचा थेंब पाण्यात टाकून गोळी बघतो, पण जाणता गुळव्या त्याआधी कानानेही अंदाज घेत असतो. तो आवाज दोन-दोन मिनिटांच्या तुकड्यांत, पाक उतरेपर्यंत घेत राहा. गूळ कसा होतो हे निवेदनाच्या दहा वाक्यांनी कळणार नाही इतकं त्या बदलत्या आवाजाने कळतं.

मुलाखत झाल्यावर त्याच जागी, कुणीही न बोलता, एक मिनिट रेकॉर्डर चालू ठेवा. दोन वाक्यं जोडताना मध्ये भरायला तीच शांतता लागते. तिथली नसेल तर सांधा कानाला टोचतो.

हुंकार आणि दुरुस्त्या

आपल्याकडे समोरचा बोलत असताना ‘हं… हो का… बरोबर’ म्हणत राहणं हा शिष्टाचार आहे. रेडिओत मात्र तो प्रत्येक वाक्यावर डाग होऊन बसतो. मान हलवा, डोळ्यांनी दाद द्या, तोंड बंद ठेवा. उत्तर संपल्यासारखं वाटलं तरी दोन-तीन सेकंद थांबा. पुष्कळदा खरी गोष्ट त्या थांबण्यानंतर येते.

माणसाला त्याची बोली सोडायला लावू नका. माणदेशातली आजी ‘इकडं पानी न्हाई’ म्हणाली तर तेच वाजू द्या.

वर्तमानपत्राची वाक्यं माइकसमोर

‘पाणीटंचाई दूर करण्यासाठी तातडीने टँकर सुरू करावेत, अशी मागणी सरपंचांनी केली’ हे छापलेलं वाचता येतं. ऐकताना कोण बोलतंय ते शेवटच्या दोन शब्दांपर्यंत कळत नाही. रेडिओत माणूस आधी: ‘सरपंच म्हणतात, टँकर लगेच सुरू करा.’ आकड्यांचंही तसंच. एकोणसाठ आणि एकोणसत्तर कानाला जुळ्यासारखे लागतात. ‘जवळपास साठ’ म्हणा, आणि एका वाक्यात एकच आकडा ठेवा. लिहिलेलं मोठ्याने वाचून बघा. जिथे श्वास तुटतो तिथे वाक्य तोडा.

विषय पाठवण्याआधी आणि नंतर

खासगी एफएम आणि सामुदायिक रेडिओ (संस्था, विद्यापीठं चालवतात ती स्थानिक केंद्रं) यांना स्वतःच्या बातम्या देण्याची परवानगी नाही, त्यामुळे राजकीय बातमीचा विषय तिथे पाठवणं फुकट आहे. पण शेती, आरोग्य, लोककला, गावचा इतिहास यांना पुण्याच्या विद्यावाणीसारख्या किंवा म्हसवडच्या माणदेशी तरंग वाहिनीसारख्या केंद्रांवर जागा असते. विषय पाठवण्याआधी त्या केंद्राचे कार्यक्रम ऐका. न ऐकता पाठवलेला प्रस्ताव पहिल्या ओळीतच ओळखू येतो.

नाव बदललं म्हणजे ओळख लपली असं समजू नका. गावात माणूस आवाजावरून ओळखला जातो. लैंगिक अत्याचाराचं पीडित मूल असेल तर अशा अत्याचारांपासून मुलांचं संरक्षण करणाऱ्या पोक्सो कायद्याच्या कलम २३ नुसार नाव-पत्त्याइतकीच शाळा, वस्ती, कुटुंबाचा तपशीलही उघड करायला मनाई आहे. अशा वेळी मुलाचा आवाज वापरूच नका, मजकूर निवेदकाने सांगावा, आणि गावाचं नावही त्यात नको.

आणि हक्कांचं बोलणं काम हाती घेतानाच उरका, लाजू नका. कॉपीराइट कायदा, १९५७ च्या कलम १९ नुसार आपल्या कामाचे हक्क दुसऱ्याला लेखीच द्यावे लागतात. त्यात मुदत लिहिलेली नसेल तर ती पाच वर्षांची धरली जाते आणि प्रदेश लिहिलेला नसेल तर तो भारतापुरता. ‘सर्व हक्क, कायमचे, सर्व माध्यमांसाठी’ असं पत्र आलं तर मानधन तेवढं आहे का ते बघा. नसेल तर ‘एका प्रसारणासाठी आणि एका पुनःप्रसारणासाठी’ एवढंच द्यायची तयारी ईमेलवर कळवा. मूळ, न कापलेल्या फाइल्स दोन वेगळ्या डिस्कवर गेल्याशिवाय कार्ड फॉरमॅट करू नका.