ड्रिल धडधाकट, बॅटरी मेलेली: पॅकमधले सेल बदलायचे तर

ऐरोलीत आमच्या बिल्डिंगमध्ये तुमच्याकडे ड्रिल आहे हे एकदा कळलं की तुम्ही अर्ध्या सोसायटीचे फुकट सुतार. माझा १२ व्होल्टचा जुना कॉर्डलेस सगळा पावसाळा माळ्यावर पडून होता, दिवाळीच्या आधी शेजारच्या काकूंचा पडद्याचा रॉड लावायला खाली काढला, रात्रभर चार्ज केला, आणि दोन स्क्रू आत गेल्यावर तिसऱ्याला घुर्रर करून बसला. मोटर मस्त, बिट धरणारा चक मस्त, गिअर लोखंडी. फक्त बॅटरी गेलेली, आणि त्या मॉडेलची बॅटरी आता येतच नाही, नवीन ड्रिल घ्या, असं दुकानदार म्हणाला. म्हटलं आधी उघडून तर बघू.

तर सगळ्यात आधी बॅटरीच्या पॅकवर काय लिहिलंय ते वाचा. जुन्या पॅकवर बहुतेक निकॅड असतं, म्हणजे निकेल कॅडमियम, त्याचा एक सेल १.२ व्होल्टचा, म्हणून १२ व्होल्टला १० सेल, १४.४ ला १२ आणि १८ ला १५. लिथियम असेल तर एक सेल ३.६ किंवा ३.७ व्होल्टचा, फुल चार्ज झाला की ४.२. म्हणून ज्या ड्रिलवर २१ व्होल्ट छापलेलं असतं त्यात आत पाचच सेल असतात, ५ गुणिले ४.२, आणि १८ व्होल्ट म्हणून विकतात त्यातही तेच पाच. आकड्यावर जाऊ नका.

चार्ज करून मल्टिमीटर, म्हणजे व्होल्टेज मोजायचं मीटर, लावा. माझा पॅक १३ च्या वर दाखवायला हवा होता, दाखवत होता १०.२. चार स्क्रू काढून उघडला तर आत दहा जाडे सेल, सब-सी साइजचे, साधारण २३ मिलिमीटर जाड आणि ४३ उंच, पुठ्ठ्याच्या सालीत गुंडाळलेले, आणि दोघांच्या टोकाला मिठासारखी पांढरी पापडी चढलेली. ते मीठ नाही, आतलं अल्कली बाहेर येऊन सुकलेलं असतं, हाताला चरचरतं, हातमोजे घाला आणि कापसावर थोडं व्हिनेगर घेऊन पुसा. कॅडमियम विषारी आहे, त्यामुळे हात धुतल्याशिवाय वडापावला हात लावायचा नाही हे मी मुलाला चार वेळा सांगितलं आणि स्वतः एकदा विसरलो.

मग एकेक सेल मोजा. आठ सेल १.२५ ते १.३० आणि ते पापडीवाले दोन सरळ शून्य.

इथे मी जी चूक केली ती तुम्ही करू नका. मला वाटलं दोनच मेलेत ना, दोनच बदलू. पॅकमधले सेल दिवाळीच्या लायटिंगच्या माळेसारखे एकामागून एक जोडलेले असतात, करंट सगळ्यांतून सारखाच जातो, त्यामुळे जो सेल आधी रिकामा होतो त्याच्यातून बाकीचे जबरदस्तीने करंट ढकलत राहतात आणि तो उलटा चार्ज व्हायला लागतो, प्लसचा मायनस. दोन नवे आणि आठ म्हातारे अशी माळ केली की म्हाताऱ्यांपैकी पुढचा लगेच आडवा होतो. वर मी शहाणपणा करून सोल्डरगनने थेट सेलच्या डोक्यावर वायर चिकटवली, नीट चिकटेना म्हणून दाबून धरली, सेल इतका तापला की सालीचा वास यायला लागला. त्या उष्णतेने आतलं सेपरेटर, म्हणजे प्लस-मायनस वेगळे ठेवणारा पडदा, आणि टोकाचं सील जातं. तीन आठवडे चालला पॅक, मग पुन्हा घुर्रर.

म्हणजे बदलायचे तर सगळे, एकाच कंपनीचे, एकाच कपॅसिटीचे, एकाच वेळी घेतलेले. आणि सेलला थेट सोल्डर नाही. एकतर टॅबवाले सेल घ्या, त्यांना पट्टी आधीच वेल्ड केलेली असते, मग पट्टीला पट्टी सोल्डर करायची, नाहीतर स्पॉट वेल्डिंग करून घ्या, म्हणजे क्षणभराच्या करंटने पट्टी सेलला चिकटवतात. ई-बाइकच्या बॅटऱ्या दुरुस्त करणाऱ्यांकडे ते मशीन असतं, सेल नेऊन दिले की पाच मिनिटांचं काम आहे.

आता निकॅडच्या जागी निकॅडच घालायचे की लिथियम करायचं? साधं उत्तर हवं असेल तर निकॅड किंवा एनआयएमएच, म्हणजे निकेल मेटल हायड्राइड, घाला, व्होल्टेज तेच, खटपट कमी. एक लक्षात ठेवा, जुना साधा चार्जर सेलच्या कपॅसिटीच्या दहाव्या हिश्शाने चार्ज करतो, १३०० एमएएचच्या (मिलिअँप-तास, कपॅसिटीचं माप) पॅकला १३० मिलिअँपने १४ ते १६ तास. त्याच चार्जरवर ३००० एमएएचचे एनआयएमएच टाकले तर दीड दिवस लागेल. आणि फास्ट चार्जर निकॅडसाठीच बनवलेला असेल तर एनआयएमएच फुल झालेला त्याला नीट कळत नाही, कारण फुल झाल्यावर व्होल्टेज जे किंचित खाली येतं ते एनआयएमएचमध्ये फारच थोडं येतं. मग तो चार्ज करतच राहतो आणि पॅक भाजतो.

मी दुसऱ्या वेळी लिथियम केलं. खरं सांगायचं तर पैशाच्या हिशोबाने हा वेडेपणाच, सहा चांगले सेल, त्यांना सांभाळणारा बोर्ड, चार्जर धरून जे झालं त्यात साधा नवा ड्रिल आला असता. पण त्याचे गिअर प्लास्टिकचे असते. ड्रिल हलक्या प्रतीचा असेल तर सरळ नवीन घ्या, उगाच भावनेत वाहू नका.

सेल आणायला मुंबईतला लॅमिंग्टन रोड, इलेक्ट्रॉनिक्सचा बाजार. ऐरोलीहून ठाणे, ठाण्याहून फास्टने दादर, तिथून वेस्टर्नने ग्रँट रोड, आणि रविवारी जाऊ नका, बहुतेक दुकानं बंद असतात. सेल १८६५० साइजचे, म्हणजे १८ मिलिमीटर जाड, ६५ लांब. ड्रिलला जास्त करंट देणारे लागतात, सॅमसंगचा २५आर वगैरे, २५०० एमएएच आणि २० अँपपर्यंत. जुन्या लॅपटॉपच्या बॅटरीतले काढून वापरतात लोक, टॉर्चला ठीक आहेत, ड्रिलला नाही, बिट भिंतीत अडकला की एवढा करंट मागतो की ते तापून मरतात. आणि ९९०० एमएएच लिहिलेला १८६५० दिसला तर हसून पुढे जा, खरा चांगला सेल ३५०० च्या आसपास थांबतो. वजन करून बघा, खरा साधारण ४५ ग्रॅमचा असतो, नकली बऱ्याचदा हातातच हलका लागतो.

१२ व्होल्टच्या ड्रिलला तीन सेल सिरीजमध्ये, म्हणजे माळेसारखे, पुरतात, फुल चार्जला १२.६ व्होल्ट. मी प्रत्येक ठिकाणी दोन-दोन पॅरलल, म्हणजे प्लसला प्लस मायनसला मायनस, लावले म्हणजे एकूण सहा, आणि वर ४० अँपचा तीन सेलवाला बीएमएस, म्हणजे सेल जास्त चार्ज किंवा जास्त रिकामे होऊ न देणारा बोर्ड. १४.४ ला चार सेल, १८ ला पाच. जोडायच्या आधी सगळे सेल एकाच व्होल्टेजला आणा, फरक ०.०५ च्या आत, नाहीतर पॅरलल जोडताच एक दुसऱ्यात धाडकन करंट ओततो. प्लसच्या टोकाला कागदी इन्सुलेशन रिंग लावायचीच, कारण १८६५० च्या प्लास्टिकच्या सालीखालचा सगळा धातूचा डबा मायनस असतो आणि पट्टी कडेला घासली की शॉर्ट. हातातली अंगठी आणि कडं काढून ठेवा, हे मी गंमत म्हणून लिहीत नाहीये.

बीएमएसच्या वायर मायनसपासून सुरू करून क्रमाने वर जोडा, आणि प्रत्येक वायर लावायच्या आधी मोजा, ४ च्या आसपास, मग ८, मग १२. क्रम चुकला तर बोर्ड तिथेच जातो.

बसवताना एक गोष्ट अडली. पॅकची जी मान ड्रिलच्या दांड्यात जाते तिच्यात एक जुना सेल उभा असतो आणि तोच वरच्या पितळी कॉन्टॅक्टना आधार देतो. तो काढला की कॉन्टॅक्ट डगमगतात. मी तिथे त्याच मापाचा लाकडाचा ठोकळा तासून घातला, तासभर गेला त्यात. कॉन्टॅक्ट आपल्या दमट हवेने काळे पडले असतील तर बारीक पॉलिश पेपरने घासा.

तुमचा पॅक मुळातच लिथियमचा असेल तर तापमान बघणारा छोटा थर्मिस्टर जुन्या सेलवरून सोडवून नव्यांना चिकटवायला विसरू नका. काही कंपन्यांचा बोर्ड पॅक बिघडलाय असं एकदा ठरवून लॉक झाला की नवे सेल घालूनही उठत नाही, अशा पॅकच्या नादी लागण्यात अर्थ नाही.

पहिलं चार्जिंग लादीवर, समोर बसून. सोफ्यावर नाही, रात्री झोपताना नाही. मग दहाएक स्क्रू मारा आणि पॅकला हात लावा, कोमट चालेल, चटका नको. महिनोन्महिने ठेवायचा असेल तर अर्धा चार्ज करून ठेवा.

जुन्या सेलच्या दोन्ही टोकांना टेप लावा आणि ओल्या-सुक्या कचऱ्यात टाकू नका, २०२२ च्या बॅटरी कचऱ्याच्या नियमांप्रमाणे बॅटऱ्या वेगळ्याच द्यायच्या असतात, ई-वेस्ट गोळा करणारे घेतात.

आणि जुना चार्जर. लिथियमला १२.६ व्होल्टचा सीसी-सीव्ही चार्जरच लागतो, म्हणजे आधी ठरावीक करंट आणि मग ठरावीक व्होल्टेज देणारा, त्यासाठी मी पॅकच्या बाजूला छोटं सॉकेट बसवलं, पण पॅकचा आकार तोच राहिला त्यामुळे तो जुन्या चार्जरच्या कपातही व्यवस्थित बसतो. आठवड्यातच बाबांनी सवयीने तिथे लावून ठेवला, "अरे, लाल दिवा लागतोय की, चार्ज होतंय," म्हणाले. त्या चार्जरला कुठे थांबायचं हे माहीतच नसतं, मध्ये फक्त बीएमएस उभा. मी पॅक काढून घेतला आणि पक्कडीने त्या कपाची वायर तिथल्या तिथे कापली.