म्युझिक ॲपचं सबस्क्रिप्शन बंद करायचंय? आधी हिशोब, मग कॅन्सल

महिन्याला शंभर-दीडशे रुपये म्हणजे काही फार नाही असं वाटतं आणि म्हणूनच ते वर्षानुवर्षं कटत राहतात. यूट्यूब प्रीमियमचा एकट्याचा प्लॅन २०२४ मध्ये १२९ वरून १४९ वर गेला, म्हणजे वर्षाचे १७८८ झाले, त्यात एकाच घरात नवऱ्याचं स्पॉटिफाय, बायकोचं यूट्यूब, मुलीचं ॲपल म्युझिक आणि आईच्या फोनवर कॉलर ट्यून असं सगळं धरलं तर रक्कम चांगलीच जाणवते. आणि एक गोष्ट आधीच सांगून ठेवतो, ॲप अनइन्स्टॉल केलं म्हणजे सबस्क्रिप्शन बंद झालं असं अजिबात नाही, ॲप फोनमधून जातं पण पैसे कटायचे थांबत नाहीत.

ठेवायचं की काढायचं

फोनमधला स्क्रीन टाइम बघून ठरवू नका, कारण आपण गाणी बहुतेक वेळा स्क्रीन बंद करूनच ऐकतो आणि तो वेळ तिथे नीट धरलाच जात नाही. त्यापेक्षा ॲपमध्ये जाऊन अलीकडे काय काय वाजवलंय ती हिस्टरी बघा. मागचे दोन-तीन आठवडे चाळले की लगेच कळतं, रोज ऐकताय की नुसतंच पडून आहे.

मग स्वतःला विचारा की पैसे भरून जे मिळतं त्यातलं तुम्ही नक्की काय वापरता. जाहिराती नकोत, डाउनलोड हवेत, की यूट्यूबवर स्क्रीन बंद ठेवून ऐकायचंय? पुणे-मुंबई ट्रेनने येजा करणाऱ्याला कर्जत-लोणावळा घाटातल्या बोगद्यांत रेंज गेली की डाउनलोड केलेल्या गाण्यांची किंमत कळते, त्याने बंद करायची काही गरज नाही. पण घरी वायफायवर स्वयंपाक करताना तासभर जुनी गाणी ऐकणाऱ्याला डाउनलोडचा काय उपयोग? तिथे मध्येमध्ये जाहिरात आली तरी चालतं, आणि विविध भारती तर १९५७ पासून आहेच, ती आणि अस्मिता वाहिनी आकाशवाणीच्या न्यूज ऑन एअर ॲपवर फुकट ऐकता येतात.

आपल्याकडे डबल खर्च फार होतो. यूट्यूब प्रीमियम घेतलं की यूट्यूब म्युझिकचं प्रीमियम त्यातच येतं, तरी लोक शेजारी दुसऱ्या ॲपचे पैसे भरत बसतात. मोबाइलच्या रिचार्जसोबतही कधीकधी एखादं म्युझिक ॲप आलेलं असतं, ते आधी तपासा. घरात तिघं-चौघं ऐकणारे असतील तर काही ॲपच्या फॅमिली प्लॅनमध्ये सहा जणांपर्यंत बसतात आणि माणशी खर्च निम्म्याहून खाली येऊ शकतो, फक्त काही ॲपना सगळे एकाच पत्त्यावर राहणारे लागतात. माझं स्पष्ट मत विचाराल तर रोज तासभर ऐकत असाल तर बिनधास्त ठेवा, संगीतावर खर्च करणं म्हणजे उधळपट्टी नव्हे. पण गणपतीत नाहीतर मे महिन्यात गावी जातानाच लागत असेल तर तेवढा एक महिना घ्या आणि बंद करा, मंथली प्लॅन बंद करून परत घेतला तर दंड बिंड काही नसतो.

आधी गाण्यांची यादी वाचवा

ही पायरी लोक हमखास विसरतात. स्पॉटिफायचं प्रीमियम बंद केलं तरी प्लेलिस्ट फ्री अकाउंटमध्ये तशाच राहतात, फक्त डाउनलोड केलेली गाणी नेट नसताना वाजत नाहीत. पण उद्या ॲपच बंद पडलं तर? रेसो २०२४ च्या जानेवारीअखेर भारतातून गेलं, त्याच वर्षी एअरटेलचं विंकही बंद झालं. दुसऱ्या ॲपवर जाणार असाल तर ट्यून माय म्युझिक किंवा साउंडिझ अशा वेबसाइटच्या मदतीने प्लेलिस्ट हलवता येते. हिंदी-इंग्रजी गाणी बऱ्यापैकी नीट जातात, मराठीत मात्र घोळ होतो, कारण एकाच गाण्याचं इंग्रजी स्पेलिंग प्रत्येक ॲपवर वेगळं आणि एकच अभंग दहा जणांनी गायलेला, त्यामुळे तुम्हाला हवा असतो भीमसेनजींचा आणि नव्या यादीत येतो भलत्याच कुणाचातरी. म्हणून हलवायच्या आधी जुन्या यादीचे स्क्रीनशॉट काढून ठेवा, गायकाचं नाव दिसेल असे, आणि नंतर एकदा ताडून बघा.

पैसे कोण कापतंय ते शोधा

सगळा खेळ इथे आहे. ॲप कुणाचंही असो, पैसे जिथून भरले तिथूनच ते बंद होतं. बँकेचे मेसेज बघा, रिझर्व्ह बँकेच्या नियमामुळे ऑक्टोबर २०२१ पासून ऑटो पेमेंट कापायच्या किमान २४ तास आधी बँकेने तुम्हाला कळवावं लागतं, त्यात कंपनीचं नाव आणि रक्कम दोन्ही असतं. नाहीतर मेलमध्ये पावती शोधा.

गूगलचं नाव दिसलं तर प्ले स्टोअर उघडा, वर उजवीकडे तुमचा फोटो, मग पेमेंट्स अँड सबस्क्रिप्शन्स, त्यात सबस्क्रिप्शन्स, तिथे ॲप निवडून कॅन्सल. यादी रिकामी दिसली तर घाबरू नका, फोनमध्ये दोन जीमेल असतील तर त्याच फोटोवर टॅप करून दुसरं अकाउंट लावून बघा, बहुतेक वेळा तिथेच सापडतं. आयफोनवर सेटिंग्ज, वरचं आपलं नाव, सबस्क्रिप्शन्स. तिथे फ्री ट्रायल चालू असेल तर संपायच्या किमान २४ तास आधी बंद करा.

थेट स्पॉटिफायला पैसे जात असतील तर ब्राउझरमध्ये लॉगिन करून अकाउंट पेजवरून प्लॅन कॅन्सल करा. मध्ये "थांबा, ही ऑफर बघा" असली एक-दोन पानं येऊ शकतात आणि प्लॅन चालू ठेवायचं बटण मोठं, ठळक असू शकतं, त्यामुळे कॅन्सल झाल्याचं वाक्य स्क्रीनवर दिसेपर्यंत आणि मेल येईपर्यंत पान बंद करू नका. भरलेल्या महिन्याचे उरलेले दिवस साधारणपणे वापरता येतात, त्यामुळे शेवटच्या तारखेची वाट बघण्यात अर्थ नाही, आजच करून टाका. फॅमिली प्लॅन तुमच्या नावावर असेल तर घरातल्यांना आधी सांगा, तुमचा बंद झाला की सगळ्यांचा बंद होतो.

यूपीआयने भरत असाल तर आणखी एक काम उरतं. फोनपे, गूगल पे जे काय वापरता त्यात प्रोफाइलमध्ये ऑटोपे असतं, तिथे त्या ॲपचं मँडेट, म्हणजे आपोआप पैसे कापायला तुम्ही दिलेली परवानगी, अजून ॲक्टिव्ह दिसतंय का बघा आणि असेल तर रद्द करा. आधी ॲपचं सबस्क्रिप्शन, मग मँडेट, हाच क्रम ठेवा. आईबाबांच्या फोनवर कॉलर ट्यूनचे पैसे जात असतील तर १५५२२३ वर स्टॉप असा इंग्रजीत मेसेज पाठवायचा, तो फुकट आहे आणि सगळ्या मोबाइल कंपन्यांना लागू आहे.

कस्टमर केअरचा नंबर गूगलवर शोधू नका, खोटे नंबर टाकून लोकांना लुटणारे तिथेच टपलेले असतात, मदत हवी तर ॲपच्या आतूनच घ्या. आणि सगळं करूनही पुढच्या महिन्यात पैसे कटले तर गप्प बसू नका. ग्राहकाला सबस्क्रिप्शनमध्ये अडकवून ठेवणं हे २०२३ च्या केंद्राच्या डार्क पॅटर्न (म्हणजे ॲप-वेबसाइटवर ग्राहकाला फसवायच्या क्लृप्त्या) नियमावलीत स्पष्ट बंद केलंय, तेव्हा कॅन्सल झाल्याच्या मेलचा स्क्रीनशॉट आणि बँकेची एंट्री हाताशी ठेवून राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला १९१५ वर फोन लावा.