टेक्सोमा तलावात जिवंत शॅड लावून स्ट्रायपर कसा धरावा

टेक्सस आणि ओक्लाहोमाच्या हद्दीवर रेड नदी अडवून बांधलेलं डेनिसन धरण १९४४ साली पूर्ण झालं आणि त्यामागे टेक्सोमा तलाव तयार झाला. स्ट्राइप्ड बास, म्हणजे बोलीतला स्ट्रायपर, मुळात समुद्रातला मासा आहे. तो अंडी घालायला नदीत चढतो. १९६५ पासून त्याची पिल्लं या तलावात सोडली गेली आणि इथे तो आपापला वाढू लागला. त्याची अंडी वाहत्या पाण्यात साधारण दोन दिवस तरंगत राहावी लागतात, बुडाली तर गाळात गुदमरतात. बहुतेक तलावांना एवढं लांब वाहतं पाणी नसतं. टेक्सोमाला वरच्या अंगाने रेड आणि वॉशिटा या दोन नद्या मिळतात, म्हणून दरवर्षी पिल्लं सोडण्याची गरज उरली नाही. डॅलसपासून तलाव सुमारे ७५ मैल उत्तरेला आहे. प्लेनो-फ्रिस्कोकडची मराठी कुटुंबं शनिवारी पहाटे निघून दुपारी घरी परतू शकतात.

जिवंत आमिषाच्या मासेमारीत निम्म्याहून जास्त काम गळ पाण्यात पडण्याआधीचं असतं. शॅड, म्हणजे आमिषाचा छोटा मासा, टवटवीत असेल तर साधी काठीही मासा देते. शॅड अर्धमेला असेल तर महागड्या सामानाचा काही उपयोग होत नाही. म्हणून या लेखात शॅडला सर्वांत जास्त जागा दिली आहे.

आधी कागद

टेक्ससचा परवाना टेक्ससच्या पाण्यात आणि ओक्लाहोमाचा परवाना तिकडच्या पाण्यात चालतो. मासा मात्र हद्द पाळत नाही. संपूर्ण तलावासाठी ‘लेक टेक्सोमा’ नावाचा वेगळा परवाना मिळतो, तोच घ्या. स्ट्रायपर आणि संकरित स्ट्रायपर मिळून दिवसाला माणशी १० मासे ठेवता येतात आणि त्यांतले २० इंच किंवा त्याहून मोठे फक्त दोन. टाकीत किंवा दोरीला घातलेला मासा तुमच्या हिशेबात धरला जातो, पुढे मोठा मिळाला म्हणून तो परत सोडता येत नाही. तेव्हा ठेवायचा की सोडायचा हे मासा जाळीत असतानाच ठरवा. नियम बदलतात, म्हणून निघण्याआधी त्या वर्षीचं पत्रक वाचून घ्या.

शॅड पकडणं

शॅड हा पाला आणि तारलीच्या नात्यातला चंदेरी मासा. टेक्सोमात त्याच्या दोन जाती आहेत. थ्रेडफिन लहान आणि नाजूक, गिझर्ड मोठा आणि चिवट. स्ट्रायपरसाठी चार ते सात इंचांचा शॅड उत्तम.

तो धरायला फेकायचं गोल जाळं लागतं, कोकणातला पाग तो हाच. टेक्ससमध्ये जाळ्याचा व्यास १४ फुटांपर्यंत चालतो, म्हणजे सात फूट त्रिज्या. नव्या माणसाने पाच किंवा सहा फूट त्रिज्येचं घ्यावं. जाळ्याचा डोळा तीन-अष्टमांश इंच ठेवा. त्याहून मोठ्या डोळ्यात लहान शॅड कल्ल्यांपाशी अडकतात आणि मरतात. त्याहून बारीक डोळ्याचं जाळं हळू बुडतं, तोवर थवा निसटतो. परिघाला शिसं भरपूर हवं.

उजाडण्याच्या अर्धा तास आधी खाडीसारख्या आत शिरलेल्या उथळ कोपऱ्यात जा. तीन ते सहा फूट पाणी, वाऱ्याचा थोडा धक्का असलेला काठ. पृष्ठभागावर पावसाचे थेंब पडल्यासारखी बारीक खळबळ दिसली की तिथे थवा आहे. बोटधक्क्यावरच्या दिव्यांखालीही शॅड जमतो. इंजिन लांबच बंद करा. जाळं पूर्ण गोल उघडून पडलं पाहिजे, केळ्याच्या आकारात पडलं तर शिसं असमान बुडतं आणि मासे फटीतून जातात. कडाक्याच्या थंडीत शॅड २० ते ४० फूट खोल उतरतो. तेव्हा जड जाळं आणि लांब दोर लागतो, शिवाय जाळं तळाला टेकेपर्यंत थांबायचा धीरही.

टाकी

चौकोनी टाकीत शॅड कोपऱ्यात तोंड आपटतो. तासाभरात नाक लाल होतं आणि लाल नाकाचा शॅड टिकत नाही. म्हणून टाकी गोल किंवा लंबगोल हवी आणि पाणी एकाच दिशेने हळू फिरतं ठेवायला हवं. ३० गॅलनच्या टाकीत सहा इंची शॅड सुमारे ३० ठेवा, म्हणजे गॅलनला एक. जास्त धरले गेले तर त्याच वेळी सोडून द्या. ५० भरले तर नऊ वाजेपर्यंत बरेचसे पोट वर करून तरंगताना दिसतील.

पाणी तलावाचंच भरा. नळाच्या पाण्यातलं क्लोरीन कल्ले जाळतं. दर १० गॅलनला एक कप आयोडीन नसलेलं खडेमीठ घाला. पकडताना खवले झडून माशाच्या अंगातलं मीठ बाहेर जाऊ लागतं, त्याला हे मीठ आवर घालतं. हवेचा पंप अखंड चालू हवा आणि त्याची बॅटरी बोटीच्या इंजिनापासून वेगळी असलेली बरी.

नवी माणसं चुकतात ती पुढच्या गोष्टीत. पकडल्यावर पहिल्या अर्ध्या तासात घाबरलेला शॅड भरपूर विष्ठा आणि चिकट स्राव सोडतो. पाण्यात अमोनिया वाढतो, वर फेस येतो आणि फेसाखाली हवा नीट मिसळत नाही. म्हणून अर्ध्या तासाने निम्मं पाणी काढून तलावाचं ताजं पाणी घाला आणि त्या प्रमाणात मीठही. गळलेले खवले गाळणीत अडकतात, ती मधूनमधून झटका. मेलेला शॅड लगेच बाहेर काढा, तो बाकीच्यांचं पाणी नासवतो.

उन्हाळ्यात टाकीचं पाणी तापतं. बर्फ थेट टाकू नका, त्यातही क्लोरीन असू शकतं. बाटल्यांत पाणी गोठवून झाकण घट्ट लावा आणि एक-एक बाटली सोडा. तापमान हळूहळू उतरू द्या, एकदम थंड झालं तर शॅड ताठरतो. शॅड हाताने धरायचा तर हात ओला हवा, आणि शक्यतो छोट्या मऊ जाळीनेच उचला.

एक कायदाही इथेच लक्षात ठेवा. स्वतः धरलेलं जिवंत आमिष ज्या तलावातलं असेल त्याच तलावात वापरायचं. टेक्सोमात २००९ मध्ये झेब्रा शिंपले सापडले. त्यांची डोळ्यांना न दिसणारी पिल्लं टाकीच्या पाण्यातून दुसऱ्या तलावात पोहोचतात आणि तिथल्या पाणीपुरवठ्याचे नळसुद्धा बुजवतात.

काठी आणि गळ

सात ते साडेसात फुटांची काठी घ्या, बुंधा दणकट आणि शेंडा मऊ. ताठ शेंड्याने शॅड ओढला जातो आणि स्ट्रायपरला दोरीचा ताण जाणवतो. रीळ फिरत्या चाकाचं घ्या, दोरीची लांबी दाखवणाऱ्या काट्याचं मिळालं तर खोली मोजायचा त्रास वाचतो.

जुळणी अशी:

१. रिळावर २० पौंडी नायलॉन दोरी.
२. त्यात दीड औंसाचं अंड्याच्या आकाराचं शिसं ओवा. वारा जास्त असेल तर दोन औंस.
३. शिशाखाली एक प्लॅस्टिक मणी, म्हणजे गाठ घासली जाणार नाही.
४. मग फिरकी (स्विव्हल), म्हणजे दोरीला पीळ पडू न देणारी कडी.
५. फिरकीपासून चार फूट फ्लुरोकार्बन दोरी, १५ ते २० पौंडी.
६. शेवटी गोल वळणाचा गळ, ज्याला सर्कल हुक म्हणतात. पाच इंची शॅडला २/० मापाचा आणि सात इंचीला त्याहून मोठा ४/०.

प्रत्येक गाठ आवळण्याआधी थुंकीने ओली करा. कोरडी गाठ घर्षणाने तापते आणि तिथेच तुटते.

गळ शॅडच्या दोन नाकपुड्यांतून आडवा घाला. थोडा मागे गेला तर मेंदूला लागतो आणि शॅड तिथेच थरथरून मरतो. गळाचं टोक मोकळं राहिलं पाहिजे. बोट एकाच जागी असेल तर पाठीवरच्या पराच्या किंचित पुढे टोचलेलाही चालतो, तो जास्त तडफडतो. बोट चालत असताना मात्र नाकातूनच, नाहीतर शॅड उलटा ओढला जाऊन बुडतो.

खोली

स्ट्रायपर वर बघून खातो. आमिष त्याच्या डोक्यावर दिसलं तर उठून येतो, पोटाखाली गेलं तर बहुधा लक्षच देत नाही. म्हणून आमिष माशांच्या दोन ते पाच फूट वर ठेवायचं.

सोनारवर, म्हणजे पाण्याखालचा तळ आणि मासे पडद्यावर दाखवणाऱ्या यंत्रावर, नदीच्या जुन्या पात्राच्या कडा, पाण्यात बुडालेल्या टेकड्या आणि तलावात शिरलेली जमिनीची टोकं धुंडाळा. ढगासारखा धूसर पुंजका म्हणजे शॅड. त्याच्या खाली किंवा कडेला जाड कमानी दिसल्या तर ते स्ट्रायपर. नुसत्या कमानी दिसताहेत आणि शॅड नाही, तर ते मासे बहुधा खात नाहीत. दहा मिनिटं देऊन पुढे चला.

समजा कमानी २८ फुटांवर आहेत. गळाची दोरी चार फूट आहे आणि शॅड शिशाच्या खाली पोहतो, म्हणजे शिसं २० फुटांवर ठेवलं तर आमिष जास्तीत जास्त २४ फुटांपर्यंत जाईल. ही खोली बरोबर. काटा नसलेल्या रिळावर पहिल्या कडीपर्यंत हाताने दोरी ओढून एक ओढ किती फुटांची ते एकदा मोजा आणि ओढी मोजत सोडा. सगळ्या काठ्या एकाच खोलीवर लावू नका, तीन-चार फुटांचा फरक ठेवा. ज्या खोलीवर पहिले दोन मासे आले, तिथे मग बाकीच्या आणा.

वसंतात पाणी ६० ते ६८ अंश फॅरनहाइट झालं की मासे नद्यांच्या तोंडाकडे सरकतात आणि उथळ असतात. तेव्हा शिसं काढून टाका, फक्त गळ आणि शॅड ६० ते १०० फूट मागे सोडा आणि विजेच्या छोट्या मोटरने ताशी अर्धा ते एक मैल वेगाने चाला. हिवाळ्यात वर घिरट्या घालणारे समुद्रपक्षी थव्याची जागा दाखवतात. ते पाण्यावर सूर मारत असतील तर खाली स्ट्रायपर शॅडला वर ढकलत आहेत, असं समजून वाऱ्याच्या बाजूने शांतपणे जवळ जा. थव्यातून इंजिन घालणाऱ्या बोटीमुळे सगळ्यांचीच मासेमारी संपते.

ओढ लागल्यावर

काठी धारकातच राहू द्या. आधी शेंडा भराभर थरथरतो, तो शॅडचा घाबरटपणा. मग एक-दोन ठोके. इथे हिसका दिला तर सर्कल हुक तोंडातून सरळ बाहेर येतो. काठी वाकून शेंडा पाण्याकडे जाऊन तिथेच राहिला, की रीळ फिरवत काठी उचला. गळ आपोआप जबड्याच्या कोपऱ्यात बसतो. रिळाचा ब्रेक सुमारे पाच पौंडांवर ठेवा. मोठा स्ट्रायपर पहिल्या धावेत ३०-४० फूट दोरी नेतो, ती नेऊ द्या.

एकामागून एक मासे निसटत असतील तर गळाचं टोक शॅडच्या अंगात परत घुसतंय का बघा. ठोके येतात पण काठी वाकत नाही, तर शॅड फार मोठा आहे. ठोकेही नाहीत, तर शॅड बदला. २० मिनिटं पाण्यात राहिलेला शॅड थकलेला असतो.

उन्हाळ्याचा नियम

जुलै-ऑगस्टमध्ये वरचं पाणी ८० अंशांच्या पुढे जातं आणि तळाशी प्राणवायू संपतो. स्ट्रायपर मधल्या अरुंद थरात कोंडतो. खोलीतून ओढून काढलेला मासा सोडल्यावर पोहत जाताना दिसला तरी बरेचदा खाली जाऊन मरतो. म्हणून या दोन महिन्यांत धरून-सोडणं करू नका. घरात चार मासे पुरणार असतील तर चार धरा आणि काठ्या आवरा. हा आग्रह आम्ही मनापासून करतो.

टेक्सोमाचा दक्षिण वारा दुपारी उघड्या पाण्यात मोठ्या लाटा उठवतो. १३ वर्षांखालच्या मुलांना चालत्या बोटीत जीवरक्षक जॅकेट घालणं कायद्याने बंधनकारक आहे. मोठ्यांनीही घालावं.

किनाऱ्यावर आणि घरी

मासा ठेवायचा ठरला की लगेच कल्ले कापून रक्त जाऊ द्या आणि बर्फ-पाण्याच्या मिश्रणात बुडवा. नुसत्या खड्यांपेक्षा हे मिश्रण जास्त लवकर थंड करतं. बोटीवर डोकं-शेपटी काढू नका, तपासणीत लांबी मोजता आली पाहिजे. धक्क्यावर बोटीतलं, टाकीतलं आणि इंजिनातलं सगळं पाणी काढून टाका.

घरी काप काढताना कातडी सोलून टाका. कातडीखाली, माशाच्या कुशीतून लांबलचक जाणारा लालसर पट्टा दिसेल, तो धारदार सुरीने पूर्ण खरवडा. उग्र वास त्याच्यातच असतो आणि तो ठेवल्यामुळेच बरीच माणसं स्ट्रायपरला नावं ठेवतात. उरलेलं मांस पांढरं आणि घट्ट असतं. कोकम आगळ, मीठ, हळद आणि लसूण चोळून १५ मिनिटं ठेवा, तांदळाच्या पिठात रवा मिसळून त्यात घोळवा आणि कमी तेलात तव्यावर तळा. एक इंच जाडीच्या कापाला प्रत्येक बाजूला चार मिनिटं पुरतात.