टाकीतली मोटर: फ्यूल पंप बिघडल्याचं कसं ओळखावं, बदलावा कसा

‘पेट्रोल पंप गेला’ म्हटलं की ऐकणारा विचारतो, कुठला, विजापूर रोडचा? म्हणून गॅरेजवाले फ्यूल पंप म्हणतात किंवा सरळ ‘टाकीतली मोटर’. इंजेक्शनच्या पेट्रोल गाड्यांत इंजिनकडे पेट्रोल ढकलणारी ही मोटर टाकीतल्या पेट्रोलमध्ये बुडालेली असते आणि तेच पेट्रोल तिला गार ठेवतं. मे महिन्यात सोलापूरचा पारा ४२-४३ अंशांवर जातो. तेव्हा कायम रिझर्व्हवर गाडी हाकणं म्हणजे मोटर तापवत ठेवणंच. (डिझेल गाडीचं काम वेगळं, तिथे हा लेख लावू नका.)

गाडी मोहोळपर्यंत मजेत जाते, पण तुळजापूरचा घाट लागला, मागे तिघं बसलेले असले, की पिकअप सोडते, झटके खाते. भर दुपारी बंद पडते आणि तासाभराने गार झाली की निमूट सुरू होते. मोटर दमल्याचं हे लक्षण खरं, पण तुंबलेला फिल्टर, सैल रिले (पंपाचा करंट चालू-बंद करणारी छोटी डबी), तापलेली इग्निशन कॉइल हीसुद्धा असंच सोंग घेतात. मी एकदा पंपाची अख्खी असेंब्ली बदलून बसलो, नंतर कळलं की अर्थची (बॉडीला जोडलेली निगेटिव्ह) वायर गंजली होती. तेव्हापासून तपासणीला अर्धा दिवस देतो.

चावी ऑन करा, सेल मारू नका. मागच्या सीटवर कुणाला तरी कान लावून बसवा. दोन-तीन सेकंद बारीक ‘घूं’ ऐकू यायला हवं. आवाज नसेल तर आधी फ्यूज पाहा, मग रिले. हॉर्नचा रिले त्याच नंबरचा असेल तर अदलाबदल करून बघा. तरीही शांतताच असेल तर टाकी बंद असतानाच पंपाच्या कनेक्टरवर मल्टीमीटर लावा. चावी ऑन केल्यावरच्या त्या दोन-तीन सेकंदांत १२ व्होल्टच्या आसपास आले, अर्थही पक्का निघाला, तरी मोटर गप्प, तर मोटर गेली. व्होल्टेजच नसेल तर दोष वायरिंगमध्ये आहे, पंपाला हात लावू नका.

आवाज येतो पण जोर नाही, अशा वेळी गॅरेजमधून प्रेशर गेज मागून आणा. बहुतेक गाड्यांत ३ ते ४ बार हवेत, नेमका आकडा गाडीच्या सर्व्हिस मॅन्युअलमध्ये मिळेल. सीएनजी असलेल्यांना फुकटची चाचणी आहे: गॅसवर गाडी सुरळीत आणि पेट्रोलवरच अडखळत असेल तर प्लग-कॉइलवरचा संशय बराच कमी होतो.

नवा पंप चॅसिस नंबर दाखवून आधीच घरी आणा, टाकी उघडी टाकून दुकानात पळू नका. काम सकाळच्या गारव्यात, मोकळ्या अंगणात करा. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते, जमिनीलगत साचते. त्यामुळे बंद पार्किंग नको, जवळ शेगडी, उदबत्ती, सिगारेट काहीच नको. पावडरचा अग्निशामक हाताशी हवा. टाकी पाव किंवा त्याहून कमी भरलेली असावी.

पंपाचा रिले काढून इंजिन सुरू करा आणि आपोआप बंद पडू द्या, म्हणजे पाइपमधला दाब उतरतो. मग बॅटरीची निगेटिव्ह वायर काढा, टाकीचं झाकण सैल करा. मागची सीट उचलली की बऱ्याच गाड्यांत पंपावरचं झाकण दिसतं. ते नसेल तर टाकी खाली उतरवावी लागते, ते काम रॅम्पवरच करून घ्या.

आपल्याकडची धूळ लक्षात घेऊन पंप टाकीवर घट्ट धरणाऱ्या रिंगभोवतीचा भाग ब्रशने आणि फडक्याने आधी साफ करा. कनेक्टर सोडवा, फडकं धरून पाइप काढा. रिंगवरची खूण लक्षात ठेवून लाकडी ठोकळ्याने ती हळूहळू फिरवा. लोखंडी छिन्नी नको, ठिणगी उडते. पंप तिरका करून उचला, फ्लोटची (पेट्रोलची पातळी मोजणाऱ्या तरंगत्या भागाची) दांडी वाकू देऊ नका, नाहीतर पेट्रोलचा काटा खोटं बोलायला लागेल. टाकीच्या तळाशी गंज किंवा गाळ दिसला तर तो काढल्याशिवाय नवा पंप बसवू नका, त्याची चाळणी लगेच तुंबेल. ओ-रिंग (पंपाखालची गोल रबरी सील) नवीनच वापरा.

खुणा जुळवून सगळं बसवा, रिले आणि शेवटी बॅटरी जोडा. सीट उघडीच ठेवून चावी तीन-चारदा ऑन-ऑफ करा. कुठे ओल नसेल, वास नसेल, तरच सेल मारा. चालू इंजिनवर पाचेक मिनिटं पुन्हा वाकून पाहा. जुनं पेट्रोल गटारात ओतू नका. इंजिन चालू असताना वास आला तर ते तिथेच बंद करून ओ-रिंग तपासा, बहुधा तीच पिळलेली असते.