डाइस रोल करताना या चुका टाळा

डी अँड डी (डंजन्स अँड ड्रॅगन्स) सारख्या, प्रत्येकाने एक कॅरेक्टर घेऊन गोष्ट खेळायच्या गेममध्ये डाइसवरनं होणारी बहुतेक भांडणं डाइस पडल्यानंतर सुरू होतात पण त्यांचं कारण आधीचं असतं. कशासाठी रोल करतोय, किती आला की जमलं, फसलं तर काय, हे कुणी बोललेलंच नसतं आणि मग आकडा बघून प्रत्येकजण आपल्या सोयीचा नियम आठवायला लागतो.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे उगाच रोल मागणं. प्लेयर म्हणतो मी कपाट उघडून बघतो, डीएम, म्हणजे गेम चालवणारा, लगेच म्हणतो रोल कर, आला ४, काही सापडलं नाही, आणि नेमका पुढच्या गोष्टीचा क्लू त्याच कपाटात होता. आता गेम तिथेच अडकला, मग "मी परत बघतो", "मी पण बघतो", कुणाचातरी मोठा आकडा येईपर्यंत हेच चालू. रोल मागायच्या आधी डीएमने स्वतःला एवढंच विचारावं की हा फसला तर पुढे काय होईल? उत्तर "काहीच नाही" असेल तर रोल नकोच, क्लू देऊन टाका. किंवा रोल दुसऱ्या गोष्टीवर ठेवा, क्लू मिळणारच आहे पण शोधायला किती वेळ लागला, आवाज बाहेर गेला का, ते डाइसला ठरवू दे.

याचीच दुसरी बाजू म्हणजे एका कामासाठी चार-चार रोल. समजा लपून जायची शक्यता प्रत्येक रोलला ६०% आहे, ऐकायला चांगली वाटते, पण अंगणात एक, जिन्यावर एक, दारापाशी एक, खोलीत एक असे चार रोल घेतले आणि एकही फसून चालणार नसेल तर चारही जमण्याची शक्यता फक्त १३% उरते. प्लेयरला वाटतं माझं कॅरेक्टर बेकार आहे, खरंतर डीएमने नकळत काम जवळपास अशक्य करून ठेवलंय. एकच रोल घ्या आणि परिस्थिती बदलेपर्यंत तोच धरा.

उलटंही होतं. प्रत्येकाला सापडायची शक्यता ३०% असताना पाचही जणांनी रोल केला तर निदान एकाला तरी सापडायची शक्यता ८३% होते, मग ती गोष्ट लपवण्यात अर्थ काय राहिला? एकाने रोल करावा आणि दुसऱ्याने मदत करावी, डी अँड डीच्या पाचव्या आवृत्तीत अशा मदतीला अ‍ॅडव्हान्टेज मिळतो, म्हणजे दोन डी२० (वीस बाजूंचे डाइस) टाकून मोठा आकडा घ्यायचा. सगळ्यांनाच एकत्र करायची गोष्ट असेल, लपून जाणं वगैरे, तर सगळ्यांनी रोल करून निम्म्या लोकांचं जमलं की पूर्ण ग्रुपचं जमलं धरा.

नॅचरल २० चा, म्हणजे डी२० वर थेट २० पडण्याचा, घोळ तर नेहमीचा. पाचव्या आवृत्तीच्या २०१४ च्या नियमांत २० आला की आपोआप लागणं ही गोष्ट अटॅकपुरती आहे, स्किल चेकला (कॅरेक्टरचं कौशल्य वापरायच्या रोलला) २० आला म्हणून राजा आपलं राज्य देऊन टाकत नाही. तुमच्या टेबलवर वेगळं खेळायचं असेल तर खुशाल खेळा, फक्त ते पहिल्याच सेशनला सांगा.

तिरका पडलेला, पुस्तकाला टेकलेला, खाली गेलेला डाइस परत टाकायचा, आकडा चांगला असो की वाईट. आणि आकडा दुसऱ्या कुणीतरी बघितल्याशिवाय उचलायचा नाही. रोल सांगितल्याशिवाय टाकलेला डाइस धरायचा नाही, नाहीतर १८ आला की "हा लपण्यासाठी होता" आणि ३ आला की "मी नुसता खेळत होतो" असं सुरू होतं. कडा असलेला ट्रे ठेवला की निम्मी कटकट तिथेच संपते.

आता डीएमने आपल्या स्क्रीनमागे (समोर उभ्या केलेल्या आडोशामागे) आकडे बदलणं. यावर लोकांची मतं टोकाची आहेत, मला विचाराल तर करू नका. कॅरेक्टर मरू नये असं वाटत असेल तर मरायचा रोलच टाकू नका, शत्रू त्याला कैद करेल, लुटेल, बरंच काही करता येतं. पण एकदा रोल टाकला आणि बदलला आणि प्लेयर्सना कळलं की आधीच्या सगळ्या जिंकलेल्या लढाया पण त्यांना खोट्या वाटायला लागतात, तो विश्वास परत आणणं फार अवघड. लढाईतले रोल उघड्यावर टाका. कॅरेक्टरला ज्याचा निकाल कळायला नको, जसं ट्रॅप शोधणं, तेवढे मागे ठेवा.

"माझा डाइस खराब आहे" म्हणणाऱ्याला चिडवू नका, पण हिशोब दाखवा. चांगला डी२० सुद्धा २० वेळा टाकून एकदाही २० न येण्याची शक्यता जवळपास ३६% असते. एक गोष्ट मात्र बघा, डी२० वर समोरासमोरच्या बाजूंची बेरीज सहसा २१ येते आणि मोठे आकडे सगळीकडे विखुरलेले असतात. १९ च्या शेजारी २०, त्याच्या बाजूला १८ असे क्रमाने आकडे असतील तर तो पॉइंट मोजायचा डाइस आहे, मोठे आकडे एकाच बाजूला असल्यामुळे रोलिंगला वापरू नका.

लढाई रेंगाळत असेल तर अटॅक आणि डॅमेजचे डाइस एकदमच टाका, लागला नाही तर डॅमेज सोडून द्या. दोन डी१० टाकून शंभरपैकी आकडा काढताना दहाचा आकडा दाखवणारा डाइस कुठला ते टाकायच्या आधी बोला, आणि ०० सोबत ० आला की बहुतेक गेम्समध्ये तो १०० धरतात.