मोटर जळायच्या आधी करंट बघा – उन्हाळी सल्ला

होळी जवळ आली की आमच्या सासवड-जेजुरी पट्ट्यात दोन गोष्टी ठरलेल्या, विहिरीचं पाणी खाली जातं आणि रिवाइंडिंगवाल्याकडं, म्हणजे जळालेल्या मोटरीत नवी तार भरून देणाऱ्याकडं, मोटरींची लाइन लागते. मागच्या उन्हाळ्यात माझी ५ एचपी थ्री फेज पण तिथंच पडून होती, ऐन अंजिराच्या दिवसात. घरात करंट मोजायचा मीटर असून मी वर्षभरात एकदाही करंट बघितला नव्हता, चूक माझीच.

गणित शाळेतलंच आहे. व्होल्टेज भागिले करंट म्हणजे रेझिस्टन्स, ओहममधे. व्होल्टेज गुणिले करंट म्हणजे पॉवर, वॅटमधे. गोठ्यात पाणी तापवायचा रॉड घ्या, २३० व्होल्टवर ६.५ अँपिअर घेतो, गुणलं तर साधारण १५०० वॅट, भागलं तर ३५ ओहम, आणि प्लग काढून रॉडच्या पिनांना मल्टिमीटर लावला तरी ३५ च्या आसपासच दाखवतो. इथवर सोपंय.

हेच मोटरला लावायला गेलात की फसाल. बंद मोटरच्या वाइंडिंगला, म्हणजे आतल्या तारेच्या गुंडाळीला, मल्टिमीटर लावला की जेमतेम काही ओहम येतात, आता थ्री फेजच्या ४१५ व्होल्टला त्यानं भागा, करंट भलताच निघतो, मग चालू मोटर ८-९ अँपिअरवर कशी भागवते? कारण ती फिरत असते, फिरताना वाइंडिंगमधेच उलटं व्होल्टेज तयार होतं आणि ते करंटला अडवून धरतं. चालू होताना क्षणभर करंट पाच-सहा पट जातो तो ह्याचमुळं, तेव्हा मोटर फिरत नसते ना. इंपेलरमधे, म्हणजे पंपातल्या पाणी फेकणाऱ्या पंख्यात, कचरा अडकून मोटर जाम झाली तर तो करंट तसाच वर राहतो आणि थोड्याच वेळात वार्निशचा वास सुटतो. जादा करंट झाला की मोटर बंद करणारा ओव्हरलोड रिले त्यासाठीच आहे, 'सारखा ट्रिप होतो' म्हणून वायर टाकून बायपास करणारे आमच्या वस्तीवर पण आहेत, त्यांना मी आता काही बोलत नाही.

थ्री फेजची पॉवर काढताना नुसतं गुणून चालत नाही. १.७३ गुणिले व्होल्टेज गुणिले करंट गुणिले पॉवर फॅक्टर (ओढलेल्या करंटपैकी खऱ्या कामाला येणारा वाटा). ४०० व्होल्ट, ८.५ अँपिअर आणि पॉवर फॅक्टर ०.८ धरला तर ४७०० वॅट, म्हणजे तासाला ४.७ युनिट. एक एचपी ७४६ वॅटचा, ५ एचपीचे झाले ३७३०. वरचे हजारेक वॅट मोटरच्या गरम होण्यात आणि घर्षणात जातात, तेवढं चालायचंच.

आता उन्हाळ्याचं खरं दुखणं. डीपीवर, म्हणजे वस्तीच्या ट्रान्सफॉर्मरवर, सगळ्यांच्या मोटरी एकदम सुरू झाल्या की व्होल्टेज ३४० वर येतं. पंपाला काम तेवढंच असतं, मग मोटर जादा करंट ओढते, ८.५ चे १० होतात. वाइंडिंगची उष्णता करंटच्या वर्गावर चालते, म्हणजे साडेआठच्या पुढं दीड अँपिअर काय गेला तर काय होतंय असं वाटतं पण उष्णता जवळजवळ १.४ पट झालेली असते. व्होल्टेज एवढं पडलं असेल तर अर्धा तास थांबा, ऊस काय अर्ध्या तासात वाळत नाही.

जॉइंट पण बघा. माझ्या स्टार्टरमधे किटकॅट फ्यूजचा एक स्क्रू ढिला होता, त्याच्याखालची वायर काळी पडलेली आणि इन्सुलेशन चुरगळून गेलेलं. अशा जॉइंटला नुसता अर्धा ओहम धरा, ८.५ चा वर्ग गुणिले अर्धा म्हणजे ३६ वॅट, चालू सोल्डरिंग आयर्नच पेटीत बंद करून ठेवल्यासारखं झालं.

केबलचं पण तेच. मीटरपासून विहीर २०० मीटर आणि केबल २.५ स्क्वेअर एमएम तांब्याची असेल तर एका तारेचा रेझिस्टन्स दीड ओहमच्या आसपास, मोटरपाशी १८-२० व्होल्ट कमी पोचतात आणि तीनशे वॅट केबल तापवण्यात जातात. ६ एमएम घेतली तर ड्रॉप ७-८ वर येतो. पुण्याच्या तपकीर गल्लीत जाऊन भाव विचारलात की अंगावर येतो खरं, पण रिवाइंडिंगच्या बिलाशेजारी ठेवून बघा.

टाँग टेस्टर, म्हणजे वायरभोवती जबडा लावून करंट मोजायचा मीटर, लावताना एका वेळी एकच वायर जबड्यात घ्या, तिन्ही घेतल्या की शून्याच्या आसपास दाखवतो आणि माणूस म्हणतो मीटर बिघडला. ओहम मोजताना मेन बंद, फ्यूज काढून खिशात. हात आणि चप्पल कोरडी. मोटरच्या तीन टोकांच्या तिन्ही जोड्यांचे ओहम सारखे यायला हवेत. चालू असताना तीन फेजच्या करंटमधे दहा टक्क्यांपेक्षा जास्त फरक असेल तर पाणी भरायची घाई सोडा आणि वायरमनला बोलवा.

स्टार्टरच्या दारावर आतून मार्करनं आकडे लिहून ठेवा. माझ्या दारावर ८.५, ८.६, ८.४ असं लिहिलंय. मागच्या आठवड्यात तिन्ही ५ च्या खाली दिसले, आवाजही हलका, धाकटा म्हणाला बरंय की लाइट वाचतीये. विहिरीत वाकून बघितलं तर पाइपच्या खालच्या टोकाचा फूटव्हॉल्व्ह पाण्याबाहेर उघडा पडला होता, मोटर कोरडीच फिरत होती.