खडशीची पिल्लं किती सोडली ते नंतर सांगा, आधी आई-बाप किती होते ते मोजा

दर पावसाळ्यात कुठे ना कुठे महासीर ह्या नदीतल्या माशाची बोटुकली, म्हणजे बोटाएवढी पिल्लं, नदीत सोडायचा कार्यक्रम होतो, फोटो येतात, खाली लिहिलेलं असतं दहा हजार पिल्लं सोडली, आणि मला दरवेळी एकच प्रश्न पडतो की ह्या दहा हजारांचे आई-बाप किती? कारण ती दोन-तीन मादी आणि एका नराची असतील तर नदीत दहा हजार भावंडं गेली. पुढे ती एकमेकांतच जुळणार, आणि नदीत आधीपासून जे थोडे मूळ मासे उरलेत त्यांचं वैविध्यही ह्या गर्दीत पातळ होणार.

खडशी म्हणजे आपली निळ्या पंखाची महासीर. साइक्स नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याने 1839 मध्ये तिचं शास्त्रीय वर्णन केलं ते पुण्याजवळच्या मुळा-मुठेतल्या माशावरून. आज त्या पाण्याची काय अवस्था आहे ते सांगायला नको. संकटातल्या जीवांच्या जागतिक यादीत (IUCN) ती आधी धोक्यातली होती, नंतर तिथून काढली, पण त्यावर निवांत होऊ नका, यादी अख्ख्या जातीबद्दल बोलते, तुमच्या नदीतली खडशी संपली का उरली ते यादी सांगत नाही.

तर हॅचरी (माशांची पिल्लं तयार करायची जागा) चालवणाऱ्यांसाठी, संस्थेवाल्यांसाठी, गावातल्या पोरांसाठी, मी जे शिकलोय ते सांगतो.

सगळ्यात आधी जनक मासे, म्हणजे पिल्लांचे आई-बाप, कुठून आणायचे. जी नदी भरायची त्याच नदीचे, नाहीतर निदान त्याच खोऱ्याचे. सह्याद्रीच्या पूर्वेला उतरणारं पाणी आणि कोकणात उतरणारं पाणी ही दोन वेगळी घरं समजा, कृष्णा-भीमेची खडशी उचलून वैतरणेत टाकायची नाही. कावेरीत काय झालं ते बघा. लोणावळ्याच्या हॅचरीतली खडशी 1970 च्या दशकापासून तिकडे सोडली गेली, हेतू चांगलाच होता, पण कावेरीची स्वतःची कुबडवाली नारिंगी पंखांची महासीर होती ती दिसेनाशी होत गेली आणि आज गळाला लागते ती बहुतेक खडशीच. कहर म्हणजे त्या कुबडवालीचं शास्त्रीय नाव टोर रेमादेवी हे नक्की झालं 2018 मध्ये, आणि त्याच सुमारास ती अतिसंकटग्रस्त यादीत गेली. म्हणजे नाव कळेपर्यंत मासा जवळपास गेलेला. म्हणून सांगतो, जात आणि खोरं पक्कं केल्याशिवाय एक पिल्लूही सोडू नका, आणि मत्स्य विभागाची परवानगी लागते ती आधी घ्या.

आता आकडा, हे नीट वाचा. मी एका छोट्या हॅचरीत पहिल्या सीझनला मदतीला होतो तेव्हा आमच्याकडे 20 मादी आणि 2 नर होते आणि आम्ही खुशीत होतो की 22 मासे आहेत. वैविध्याच्या दृष्टीने हे मासे खरे किती मोजायचे त्याचा हिशोब असा असतो: नर गुणिले मादी गुणिले चार, भागिले एकूण मासे. 4 × 20 × 2 = 160, भागिले 22, म्हणजे साधारण 7. बावीस मासे टाकीत, पण वैविध्याच्या हिशोबात सातच! तेच 11 नर 11 मादी असते तर पूर्ण 22 आले असते. सातवर दर पिढीला जवळजवळ 7 टक्के अंतःप्रजनन (नात्यातल्या नात्यात प्रजनन) वाढतं, बावीसवर 2 टक्क्यांच्या आसपास. कमीत कमी 50 चा आकडा धरतात, तिथे ते 1 टक्क्यावर येतं. तेवढे जमत नसतील तर निदान नर-मादी सारखे ठेवा, त्याला पैसे लागत नाहीत.

मग स्ट्रिपिंग, म्हणजे माशाचं पोट हलकं दाबून मादीची अंडी आणि नराची मिल्ट (वीर्य) काढणं. इथेच सगळी गडबड होते. सवय अशी असते की दोन-तीन माद्यांची अंडी एका घमेल्यात, चार नरांची मिल्ट एकत्र, पिसाने ढवळायचं आणि पाणी घालायचं. दिसायला चार बाप, पण ज्याची मिल्ट जोरकस तोच बहुतेक अंडी फलित करतो, बाकीचे नुसते नावाला. त्यापेक्षा प्रत्येक मादीची अंडी दोन-तीन कोरड्या वाट्यांत वाटून घ्या आणि प्रत्येक वाटीत वेगळा नर. मिल्टला पाणी लागू देऊ नका, पाणी लागलं की शुक्राणू लगेच पळायला लागतात आणि थोड्याच वेळात थकतात, म्हणून माशाचं पोट आधी कोरड्या फडक्याने पुसून घ्या. खडशीची अंडी मोठी, पिवळसर सोनेरी, तळाला बसणारी, आणि रोहू-कटल्याच्या मानाने खूप कमी, त्यामुळे एक वाटी वाया गेली तर अख्खं एक कुटुंब गेलं समजा. वाटीवर नंबर टाका आणि अंडी उबवायच्या ट्रेपर्यंत तोच नंबर न्या.

पुढचं काम मनाला लागतं पण करायला हवं. एका जोडीची तीन हजार जगली, दुसरीची दोनशे, तर तीन हजार तशीच सोडायची नाहीत, प्रत्येक कुटुंबातून सारखीच घ्यायची. सगळ्या कुटुंबांचा वाटा सारखा ठेवला तर वैविध्याचा तो आकडा जवळपास दुप्पट होतो. आणि मोठी, गुबगुबीत पिल्लं निवडून घेऊ नका, ती सिमेंटच्या टाकीत आणि पेलेटवर (गोळ्यांच्या खाद्यावर) चांगली वाढलीत, नदीत तीच टिकतील असं नाही.

जनक माशांना चिप टॅग (ओळख पटवणारी बारीक चिप) लावा आणि प्रत्येकाच्या शेपटीच्या पंखाचा नखाएवढा तुकडा 95 टक्के इथेनॉलमध्ये ठेवा, दुसऱ्या दिवशी इथेनॉल बदला. लेबल पेन्सिलने कागदावर लिहून कुपीच्या आत टाका, आम्ही मार्करने बाहेरून लिहिलेलं सगळं पुसलं गेलं आणि चाळीस नमुने निनावी झाले, एक अख्खा सीझन गेला. नमुने पुढे लखनौच्या राष्ट्रीय मत्स्य आनुवंशिक संसाधन ब्युरोसारख्या ठिकाणी तपासता येतात. महासीरमध्ये गुणसूत्रं 100 असतात, रोहू-कटल्याच्या दुप्पट, त्यामुळे रिपोर्ट वाचायला जाणकार माणूसच गाठा.

हॅचरीतल्या पिल्लांनाच पुढचे जनक करत राहू नका, दर वर्षी थोडे नदीतले मासे आत यायला हवेत. कॅलिफोर्नियात डेल्टा स्मेल्ट नावाच्या बोटभर माशासाठी 2008 पासून हेच करतात, प्रत्येकाची वंशावळ ठेवतात आणि नात्यातली जोडी टाळतात. पण ते मासे आणायला देवाच्या डोहात जाळं टाकायचं नाही. वैतरणेवरचं तिळसे असो नाहीतर महाडकडचं वाळणकोंड, गावाने देवाचे मासे म्हणून राखलेत म्हणून ते आहेत. डोहाबाहेर, गावकऱ्यांना सोबत घेऊन, पकडा, पंखाचा तुकडा घ्या, गरज असेल तर मिल्ट काढा आणि मासा तिथेच सोडा, नर उचलून न्यायची गरजच नसते.

आणि जी जास्तीची भावंडं उरतील ती नदीत टाकायचा मोह होईल, टाकू नका. जिथून पाणी नदीला जात नाही अशा बंद शेततळ्याला द्या आणि रजिस्टरला लिहा कुठल्या वाटीची, किती, कुणाला दिली.